काकू, फक्त गाडी वळवतोय
दापोलीच्या किनाऱ्यावर चारचाकी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना खुलं पत्र

पाहुणे मंडळींनो,

सस्नेह नमस्कार.

मी दापोली तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या एका गावात राहते. लग्न होऊन इथे आले त्याला ३९ वर्षं झाली. आमचं घर आळीतलं शेवटचं. देवळापासून निघालेला रस्ता आमच्या बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या तोंडाशी असलेल्या बांबूच्या फाटकापाशी, येऊन संपतो. त्याच्यापुढे पाखाडी आहे, चिऱ्याच्या पायऱ्यांची पायवाट. ती दोन आगरांच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागांच्या, मधून उतरते, सुरूच्या बनातून जाते आणि पुळणीवर पोचते. पायी पाच मिनिटं. गाडी मात्र तिथून हातभरही पुढे जात नाही.

तुमच्या मोबाईलमधल्या नकाशाला हे ठाऊक नाही. त्यात रस्ता आणि पाखाडी यांची एकच रेघ आहे, देवळापासून थेट समुद्रापर्यंत. म्हणून जोडून सुट्ट्या आल्या की, नाताळात, सगळ्या मे महिन्यात तुम्ही देवळाकडून आत शिरता आणि आमच्या दाराशी येऊन अडकता. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. ह्यांनी एकदा दोरी लावून रस्ता मोजला. ९ फूट भरला, आणि शेजारच्या गडग्याला पोट आलंय तिथे साडेआठ. खेड्यातल्या एकेरी रस्त्याची रुंदी साधारण ३.७५ मीटर, म्हणजे १२ फूट धरतात. आमची आळी त्यातही बसत नाही, ती बैलगाडीच्या मापाने झालेली आहे. तुमच्या हल्लीच्या गाड्या १५ फूट लांब. १५ फुटांची गाडी ९ फुटांत वळायची कशी? मग समोर मोकळं दिसतं ते आमचं अंगण.

"काकू, फक्त गाडी वळवतोय."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की लांबून इंजिनाचा आवाज आला की ते मनात आधी उमटतं. गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी मी ओटीवर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसले होते. अंगणात एक गाडी वळली की कोकमाची एक बी वाटीत टाकायची, असं ठरवलं. दिवेलागणीला वाटीतल्या बिया मोजल्या. ३१ निघाल्या. त्यांतल्या चौघांनी आधी विचारलं होतं. सहा-सातजणांनी काच खाली करून ते वरचं वाक्य म्हटलं. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी दहा हातांवर बसले होते.

तुम्ही दुष्ट नाही, हे मला माहीत आहे. वाट चुकलेली असते, मागच्या सीटवर मुलं कंटाळलेली असतात, पाठीमागे आणखी दोन गाड्या येऊन उभ्या असतात. घाबरल्यासारखं होतं माणसाला. हे सगळं मी समजू शकते. पण तुम्हाला जी रिकामी जागा दिसते ती रिकामी नसते, एवढं तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते मी आज सांगते.

कोकणातलं अंगण आपोआप होत नाही. दरवर्षी पाऊस त्याची पार दशा करून टाकतो. भातं कापून झाली की आम्ही ते नव्याने करतो. वरची माती खणायची, ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, पाणी मारून सपाट करायचं, मग चोपण्याने चोपत बसायचं. चार दिवस पाठ मोडून काम. त्यावर शेणाचं सारवण, एकावर एक. तेव्हा कुठे ते असं होतं की वर सांडलेला तांदूळ वेचून घ्यावा. मग मांडव पडतो. तुळशीचं लग्न याच अंगणात लागतं. सुपारी इथेच वाळते, कुळीथ इथेच झोडतात, मे महिन्यात आंबापोळी आणि फणसपोळीची ताटं इथेच मांडलेली असतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, ती याच अंगणात येऊन नाचते. त्या दिवशी पहाटे उठून आम्ही सारवतो, रांगोळी घालतो. देव ज्या जागेत येऊन उभा राहतो ती जागा आहे ही. घराला जशी ओटी, पडवी, माजघर, तसंच अंगण. त्याला वर छप्पर नाही, इतकाच फरक.

त्यावर दीड-दोन टनांची गाडी येते. नुसती येऊन सरळ गेली तरी एक वेळ चालेल. पण वळवताना तुम्ही गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवता ना, तेव्हा चाक जागच्या जागी जमीन खरवडतं. सारवणाचे पापुद्रे निघतात, खाली खळगा पडतो. पुढच्या गाडीचं चाक नेमकं त्याच खळग्यात. आठवडाभरात घमेलंभर माती उकरलेली असते. बेड्याच्या तोंडाशी जमिनीत वीतभर खोलीवर नळाची काळी पाइप आहे. ती दोन वर्षांत दोनदा फुटली. आमच्याकडे मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही पाऊण तास. ज्या दिवशी पाइप फुटली त्या दिवशीचं पाणी अंगणात वाहून गेलं आणि आम्ही शेजारच्या विहिरीवरून कळशा वाहिल्या.

कोकमाचं सांगते, म्हणजे कळेल. रातांबे उतरवले की फोडायचे, गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, सालं उन्हात घालायची. गराच्या रसात मीठ घालून त्यात ती सालं बुडवायची, पुन्हा वाळवायची. याला पुट देणं म्हणतात. अशी पाच-सहा पुटं झाली की आमसूल काळसर, मऊ आणि टिकाऊ होतं. आठ-दहा दिवसांचं ऊन लागतं त्याला, आणि पाऊस तर तोंडावर आलेला असतो. गेल्या वर्षी माझं चौथं पुट चालू होतं. सहा चटया अंगणभर पसरलेल्या. दुपारी जेवायला आत गेले, तेवढ्यात एक मोठी पांढरी गाडी मागे मागे आत आली. माझ्या कानावर आवाज पडला आणि मी उष्ट्या हाताने बाहेर धावले, तोवर मागची दोन्ही चाकं तीन चटयांवरून गेली होती. रसात भिजलेली सालं टायरच्या नक्षीत जाऊन बसली होती. गाडी पुढे गेली तसे तिच्या मागे लाल पट्टे उमटत गेले, बेड्यापर्यंत आणि पुढे रस्त्यावर. आमच्या सासूबाई ओटीवर होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, कुणाला लागलं?" त्यांना ते रक्त वाटलं.

गाडीतला मुलगा चांगल्या घरचा होता. लगेच उतरला, हात जोडले, पाकीट काढलं, "किती झाले काकू?" म्हणाला. मी पैसे घेतले नाहीत. त्याचा अपमान करायचा नव्हता, पण मला आकडाच सांगता येईना. ती आमसुलं विकायची होती. रस्त्यावरच्या घाणीतून आलेलं चाक फिरलेली वस्तू मी कुणाच्या आमटीत घालायला देऊ? तीन चटया माडाच्या आळ्यात ओतल्या. पुन्हा रातांबे आणून पहिल्या पुटापासून सुरुवात करावी तर पाऊस येऊन ठेपला होता.

तरीही कोकमापायी मी हे पत्र लिहिलं नसतं. आमसूल पुढच्या वर्षी परत होतं.

दिवाळीत माझी नात आली होती, तीन वर्षांची. सकाळी तुळशीपुढे उकिडवी बसून माझ्या रांगोळीत बोटं घालत होती. एक गाडी मागे घेत आत आली. ह्यांनी ओटीवरून उडी मारून तिला उचललं. गाडी थांबली ती ती बसली होती त्या जागेच्या अलीकडे दीड हातावर. चालवणाऱ्या माणसाला खरोखरच काही दिसलं नव्हतं. तो उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, ह्यांचेही.

त्यानंतर पुतण्या त्याची गाडी घेऊन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, मला त्या खुर्चीवर बसव. मी चालकाच्या जागी बसले आणि त्याला मागे कळशी ठेवायला सांगितली. आरशांत दिसेना. मागच्या काचेतूनही दिसेना. तो एकेक पाऊल कळशी मागे सरकवत गेला. नवव्या पावलाला मला तिचा काठ दिसला. बसलेलं मूल कळशीहून फार उंच नसतं. गाडीला मागचा कॅमेरा असतो असं तुम्ही म्हणाल. असतो. पण आमच्याकडच्या लाल धुळीतून वीस किलोमीटर आलेल्या गाडीच्या कॅमेऱ्यावर काय असतं तेही मी बोट फिरवून पाहिलंय. आमच्या सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. त्यांना ऐकू कमी येतं. रोज सकाळी काठी टेकत त्या अंगण ओलांडून तुळशीला पाणी घालायला जातात. आता सुट्टीच्या दिवशी मी हातातलं काम टाकून त्यांच्याबरोबर जाते. स्वतःच्या अंगणात.

पोलिसांत जा, असं सांगणारेही भेटले. भाचा वकिली शिकतो, त्याने समजावलं. भारतीय न्याय संहितेत कलम ३२९ आहे, जुन्या दंड संहितेत ते ४४१ होतं. पण फौजदारी अतिक्रमण ठरायला गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा इरादा लागतो. तुमचा तसा इरादा नसतो हे मीच वर लिहिलंय, मग मी तक्रार कशाची करू? त्याच भाच्याने हेही सांगितलं की गाडी मागे घेताना कुणाला धोका किंवा अडचण होणार नाही याची आधी खात्री करून घ्यायची, ही जबाबदारी मोटारीच्या नियमांनी चालवणाऱ्यावरच टाकलेली आहे. खात्री करून घ्यायची म्हणजे खाली उतरून पाहायचं. माझी तुमच्याकडून तेवढीच अपेक्षा आहे.

गावातल्या काही घरांनी आता उपाय केले आहेत. कुणी साखळी लावली, कुणी चुना फासलेले धोंडे तोंडाशी आणून टाकले. दोन घरांनी बेडं काढून लोखंडी गेट बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. मला ते बघवत नाही. बेडं म्हणजे काय, दोन खांबांना भोकं पाडून त्यांत अडकवलेले तीन बांबू. ते असतात गुरं आगरात शिरू नयेत म्हणून. माणसाने हाताने सरकवावं, आत यावं, मागे परत लावावं. अनोळखी माणूससुद्धा "आहे का कुणी घरात?" म्हणत यायचा, पाणी पिऊन, गूळ खाऊन जायचा. इतकी वर्षं मी बेड्याला कुलूप पाहिलं नव्हतं. आमचे हेही परवा म्हणाले, गेट करून टाकू. मी म्हटलं, आधी एकदा पाहुण्यांना लिहून बघू.

आणि पाहुणे आम्हाला नकोत असं अजिबात नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. सकाळी उभं असलेलं आगर संध्याकाळी आडवं होतं. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट उपटून घरांवर पडले. नव्या माडाला नारळ धरायला सहा-सात वर्षं जातात, पोफळीचंही तेच. तोपर्यंत खायचं काय? तेव्हा गावातल्या कितीतरी घरांनी दोन खोल्या रंगवल्या, संडास-न्हाणीघर बांधलं आणि पाहुणे ठेवायला लागले. माझ्या शेजारणीची दोन्ही मुलं तुमच्या येण्यावर शिकली. माझी आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ तुम्हीच घेऊन जाता. तुम्ही यावं, जेवावं, समुद्रात डुंबावं. मुरूडला जा, कर्द्याला जा, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा. या सगळ्या गावांत आतल्या आळ्या आमच्यासारख्याच आहेत, म्हणून आमच्या एका गावाचं नाव मी लिहिलं नाही.

तर काय करायचं ते सांगते.

देवळापुढे मोठं पटांगण आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत असं पटांगण असतंच, देवळापुढे नाही तर शाळेजवळ. तिथे थांबा. रस्ता अरुंद होतोय, दोन्हीकडे गडगे आले, आरसे मिटून घ्यावेसे वाटले, की नकाशा काहीही म्हणो, थांबा आणि दिसेल त्या माणसाला विचारा. कोकणात वाट सांगायला कुणी नाही म्हणत नाही. गाडी पटांगणात ठेवून चालत या. चारशे पावलं आहेत. वाटेत जांभळं असतात, करवंदं असतात, मुलांना ती चाल आवडते.

आत शिरलाच असाल तर आमच्या गॅसच्या गाडीवाल्याची रीत धरा. तो देवळापाशीच गाडी फिरवतो आणि चारशे पावलं मागे मागे घेत आमच्यापर्यंत येतो. मदतनीस मागे चालत असतो, हाताने खुणा करत. परत जाताना तोंड सरळच असतं. तुम्हाला उलटं करावं लागेल, मागे मागे घेत पटांगणापर्यंत जावं लागेल. अवघड वाटेल, पण गाडीत चारजण असता. एकाने उतरून मागे चालावं. दहा मिनिटं लागतील.

आणि ते अगदीच जमणार नसेल, तर बेड्याबाहेर गाडी बंद करा, खाली उतरा आणि हाक मारा. मी चटया उचलीन. सासूबाईंना ओटीवर बसवीन. हे बाहेर येऊन पाइप कुठे आहे ते दाखवतील आणि चाक कुठून घ्यायचं ते सांगतील. गेल्या डिसेंबरमध्ये साताऱ्याकडचं एक कुटुंब असंच बाहेर थांबलं होतं. त्यांच्यातल्या आजी उतरून आल्या, चपला बेड्याबाहेर काढल्या आणि म्हणाल्या, "बाई, सारवलेलं दिसतंय. गाडी आणू का नको, तुम्ही सांगा." मीच म्हटलं आणा. गाडी वळून झाल्यावर त्या तासभर ओटीवर बसल्या होत्या, सासूबाईंशी ज्वारीच्या आणि तांदळाच्या भाकरीबद्दल बोलत. अंगणावर त्या दिवशीही दोन चाकोऱ्या उठल्या. मी दुसऱ्या दिवशी सारवून घेतलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

नकाशाचंही एक काम तुमच्या हातात आहे. चुकीच्या रस्त्याची दुरुस्ती त्यात कुणालाही सुचवता येते. पुतण्याने दोनदा सुचवली आहे. तुमच्यापैकी जे इथे येऊन अडकले त्यांनी घरी गेल्यावर दोन मिनिटं काढून लिहावं, की आळीतल्या शेवटच्या घरापुढे गाडीरस्ता नाही, पायवाट आहे. एकट्याने सांगून होत नाही ते वीसजणांनी सांगितल्यावर होईल.

आता दोन शब्द आमच्या ग्रामपंचायतीसाठी, कारण हे पत्र सरपंच आणि सदस्यही वाचतील. आळी सिमेंटची केलीत, पावसाळ्यातला चिखल गेला, त्याबद्दल मनापासून आभार. पण रस्ता जिथे संपतो तिथे गाडी परत कशी फिरणार, याचा विचार त्या कामात झाला नाही. पाहुण्यांचंच कशाला, उद्या सासूबाईंसाठी रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर तीही इथेच अडकणार. माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. एक, देवळापाशी आळीच्या तोंडाला पुढे रस्ता बंद असल्याची निळी पाटी लावा. निळ्यावर पांढरा 'टी' आणि त्याच्या माथ्यावर लाल पट्टी, ही खूण गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना शिकवलेली असते. खाली मराठीत ठळक लिहा: समुद्राकडे फक्त पायवाट, पुढे गाडी वळवायला जागा नाही.

दुसरी गोष्ट वळणाच्या जागेची. एका दमात गोल फिरायला मोठ्या गाडीला ११ मीटर व्यासाची जागा लागते, तेवढी आळीत कुठेच नाही. पण रस्त्याच्या टोकाला काटकोनात एक आडवा फाटा काढला, की गाडी पुढे घालून, मागे घेऊन बाहेर पडू शकते. आमच्या बेड्याच्या अलीकडे डाव्या हाताला आगराचा जो कोपरा आहे, तिथले चार माड निसर्ग वादळात गेले. आम्ही तिथे पुन्हा लावले नाहीत. ह्यांचं आणि माझं बोलणं झालंय, मुंबईच्या दिरांनाही फोन करून विचारलंय. तो कोपरा गावाच्या वळणासाठी वापरायला द्यायला आमची तयारी आहे. गडगा दहा हात मागे घ्यावा लागेल, तो पंचायतीने चिऱ्यात पुन्हा घालून द्यावा, आणि जे ठरेल ते कागदावर नीट असावं, म्हणजे पुढच्या पिढीत भांडण नको. तसा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो विषय घ्यावा.

कोपऱ्यात माडांचे दोन बुंधे अजून जमिनीत आहेत. ते पावसाआधी काढून ठेवतो.

आपली,
आळीतल्या शेवटच्या घरातली काकू